गुरुवारची बुडी

मार्गशीर्षातला गुरुवार. मासळीला गिऱ्हाईक नाही.
पाटी पालथी घालून ओट्यावर बसले होते,
तर सर्वेश आला. पुतण्या.
पर्यटकांना बुडवून वर काढायचा धंदा करतो.
"काकी, आज रिकामीच असस मां? चल, तुका खाली दाखयतंय."

खाली म्हणजे कुठे, ते विचारलं नाही.
एकोणपन्नास वर्षं दांडीच्या वाळूत राहून
मला समुद्र ठाऊक, तो गुडघ्यापर्यंत.
ओहोटीला कालवं फोडायची, भरतीला मागे सरायचं,
होडी लागली की पाण्यात उतरून पाट्या घ्यायच्या.
पोहणं पुरुषांचं. आम्हाला कुणी शिकवलं नाही,
आणि आम्हीही कधी मागितलं नाही.

किल्ल्याच्या पाठच्या अंगाला होडी थांबली.
रबराचा काळा झगा अंगात जाईना,
सांगलीच्या दोन पोरी हसू दाबत पाठीची चेन ओढत होत्या.
चष्म्याच्या काचेत थुंकायला लावलं, म्हणे धुकं धरत नाही.
एवढ्या महागाच्या काचेत!
मग कमरेला पट्टा, पट्ट्याला शिसं.
शिशाच्या गोळ्या मी जाळ्याला ओवल्यात
लहानपणी, बापाच्या शेजारी बसून, वितीला एक,
जाळं तळाला बसावं म्हणून.
आता मीच जाळं.

"तोंडान श्वास घे. नाक इसर.
कान दुखले तर नाक चिमटीत धर नि फुंक.
बाकी काय्येक करू नको. मी असंय."

डोकं बुडलं आणि नाक काही विसरता येईना.
खारं पाणी टाळूला. त्याचा दंड ओरबाडून वर.
खोकला. रामेश्वरा!
दुसऱ्यांदाही तेच.
तिसऱ्यांदा होडीची कड धरून
नुसतं तोंड पाण्यात घालायला लावलं, म्हणाला,
"इसवण तळताना कसो धीर धरतंस, तसो धर.
घाई केलंस तर मोडतला."

आत. बाहेर.
आत.
माझाच श्वास, लोहाराच्या भात्यासारखा,
आणि त्यामागे एक बारीक तडतड, सगळीकडून,
जसं खडकाखाली कुणी फोडणीत मोहरी टाकून
विसरून गेलंय.
कानात कळ. चिमटी. फुंक. टप्.
शिशानं मला हळूच खाली नेलं.

पेडवे.
मी पेडवे वाट्यावर विकते, पन्नासला वाटा.
इथे वाटाच पडेना. सगळे मिळून एकच अंग,
ते माझ्यावरून वळलं, उन्हाची बाजू दाखवून गेलं.
खडकाच्या बेचक्यात गोबरा,
कोपरापर्यंतच्या हाताएवढा,
तोंडाची उघडझाप चाललेली.
मनात आपोआप आलं: सहाशे. फार घासलं तर साडेपाचशे.
तो माझ्याकडे बघत होता.
माशांचे डोळे मी रोज बघते, ताजा की शिळा ते कळायला.
डोळा फिरतो, हे माहीत नव्हतं.
तोही माझी किंमत करत असावा.

मला सांगायचं होतं, छान आहे.
मी अंगठा उंचावला.
सर्वेशनं मला सरळ वर काढलं.

"वर कित्या इलंस?"
"मी खंय इलंय! तूच हाडलंस!"
"आंगठो म्हणजे वर गो! बरा असला तर बोटांचो गोल."
सांगलीच्या पोरी आता उघड हसल्या. मीही.
पण पुढच्या गिऱ्हाइकांची होडी येऊन टेकली होती,
आणि माझी पाळी संपली होती.

शुक्रवारी पाटी भरून बाजारात बसले.
एका बाईनं गोबरा उचलला, कल्ले उलटून बघितले,
डोळ्यावर बोट दाबलं. "बरो असा मां?"
मी न बोलता तर्जनी अंगठ्याला टेकवली.
ती थबकली.
"शून्य? फुकट देतंस?"

सहाशे, मी म्हटलं,
मान एका बाजूला कलती करून.
कानातलं पाणी अजून निघालं नव्हतं.